दोनशे दहा दिवस, सहा वर्षे

६ जून २००५. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये ॲपलच्या वार्षिक परिषदेसाठी जगभरातून प्रोग्रामर जमले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कानावर एक बातमी आधीच आली होती: मॅकिंटॉश संगणकांतली पॉवरपीसी चिप जाणार आणि तिच्या जागी इंटेलची येणार. पुष्कळांनी ती खरी मानली नव्हती, कारण अशी आवई दर वर्षा-दोन वर्षांनी उठायची आणि विरून जायची. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी बातमी खरी असल्याचे मोठ्या पडद्यावर दोन शब्दांत दाखवले. पाठोपाठ त्यांनी सांगितले, की व्यासपीठावरच्या ज्या संगणकावर सकाळपासून सगळी प्रात्यक्षिके चालली आहेत, तो इंटेलच्या पेंटियम ४ वरच चालतो आहे.

सभागृहात टाळ्या वाजल्या. बाहेरच्या जगातल्या मॅक वापरकर्त्यांत मात्र संताप, अविश्वास आणि चिंता यांची लाट उसळली. यंत्राच्या आतला, डोळ्यांना कधीच न दिसणारा एक भाग बदलणार होता, आणि लोक फसवणूक झाल्यासारखे बोलत होते. हा राग समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

प्रत्येक प्रोसेसरला आज्ञांचा एक ठरावीक संच कळतो. आपण विकत घेतो तो प्रोग्राम त्या विशिष्ट आज्ञांमध्ये बांधलेला असतो. चिपचे कूळ बदलले, की जुना प्रोग्राम नव्या यंत्राला मराठी वाचकाच्या हाती तमिळ पुस्तक द्यावे तसा होतो. मग दोनच वाटा उरतात. मध्ये दुभाष्या बसवायचा, म्हणजे जुन्या आज्ञा चालता चालता नव्या आज्ञांमध्ये बदलणारा प्रोग्राम ठेवायचा. त्यात वेग जातो. किंवा ज्याने प्रोग्राम लिहिला त्याच्याकडून तो नव्या चिपसाठी पुन्हा बांधून घ्यायचा. त्यासाठी तो माणूस किंवा ती कंपनी अजून धंद्यात असावी लागते आणि तिला तशी इच्छाही असावी लागते. या लेखातल्या पुष्कळ तक्रारी या दोन वाटांवरच्या आहेत.

मॅकच्या वापरकर्त्यांनी असा बदल एकदा पचवलेला होता. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश मोटोरोलाच्या ६८००० या चिपवर चालत होता. नव्वदीच्या सुरुवातीला त्या कुळाची वाढ खुंटू लागली आणि इंटेल पुढे निघून गेली. १९९१ मध्ये ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला एकत्र आल्या व त्यांनी पॉवरपीसी घडवायला घेतली. मधल्या काळात ॲपलने नॉव्हेलच्या मदतीने मॅकची कार्यप्रणाली इंटेलच्या चिपवर चालवूनही पाहिली होती. ‘स्टार ट्रेक’ हे त्या गुप्त प्रकल्पाचे नाव. १९९३ मध्ये तो गुंडाळला गेला.

१४ मार्च १९९४ रोजी पहिले पॉवर मॅकिंटॉश बाजारात आले. त्यांच्यातला दुभाष्या इतका बेमालूम होता, की ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नसे. कार्यप्रणालीचा मोठा भाग अजून जुन्याच आज्ञांत लिहिलेला होता आणि तोसुद्धा या दुभाष्यामार्फतच चालत होता. परिणामी नवे कोरे यंत्र घेतलेल्या माणसाला आपले जुने प्रोग्राम कालच्या, जुन्या चिपच्या महागड्या क्वाड्रा मॅकपेक्षा हळू चालताना दिसत. वेगळ्या गणिती घटकावर अवलंबून असलेले काही तांत्रिक प्रोग्राम तर चालतच नसत, कारण तो घटक दुभाष्याच्या आवाक्यात नव्हता. लोकांनी कुरकुर केली आणि मग आपापले उपाय शोधले. कनेक्टिक्स कंपनीने ‘स्पीड डबलर’ नावाचे पॅकेज काढले; त्यात ॲपलच्यापेक्षा वेगवान दुभाष्या होता. ॲपलने अर्धवट ठेवलेली गोष्ट पुरी करून घ्यायला वापरकर्त्यांनी वेगळे पैसे मोजले.

एवढे होऊनही १९९४ मध्ये बंड झाले नाही, आणि माझ्या मते त्याचे कारण तांत्रिक नव्हते. त्या वेळी जायचे ठिकाण प्रतिष्ठेचे होते. पॉवरपीसी नवी होती, तिची रचना आटोपशीर होती आणि मुख्य म्हणजे ती इंटेलची नव्हती. मॅकवाल्यांनी आपली वेगळी वाट आणखी वेगळी केली, एवढाच त्याचा अर्थ होता.

पुढच्या दहा वर्षांत ॲपलने हा वेगळेपणा पद्धतशीरपणे जोपासला. १९९८ च्या एका जाहिरातीत गोगलगायीच्या पाठीवर पेंटियम २ बसवलेला होता. दुसरीत इंटेलच्या जाहिरातींतला, चिप-कारखान्याचा झगमगीत पोशाख घातलेला नाचरा कामगार पेटलेला दाखवला आणि त्याच्यावर अग्निशामक फवारा मारला. परिषदांमध्ये एका बाजूला मॅक आणि दुसऱ्या बाजूला पेंटियम ठेवून फोटोशॉपच्या शर्यती लावल्या जात. मॅक जिंकला की सभागृह दुमदुमून जाई. २००१ मध्ये पॉवरपीसी कुळातली मोटोरोलाची जी४ चिप मेगाहर्ट्‌झच्या आकड्यांत मागे पडू लागली, तेव्हा हा आकडाच कसा फसवा आहे हे ॲपलचे हार्डवेअरप्रमुख जॉन रुबिनस्टाइन यांनी व्यासपीठावरून समजावून सांगितले. त्या मांडणीत तथ्य होते. या आकड्याने मोजली जाणारी ठोक्यांची संख्या आणि प्रत्यक्ष काम यांचे गुणोत्तर प्रत्येक चिपमध्ये वेगळे असते. मॅक वापरणाऱ्यांनी ही मांडणी आत्मसात केली. कचेरीत, महाविद्यालयात, घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी ती इतरांना ऐकवली. बाजारातला त्यांचा वाटा जेमतेम काही टक्के होता आणि कंपनी बुडणार असे भाकीत दर महिन्याला छापून येत होते, त्या काळात ही माणसे ॲपलच्या बाजूने विनावेतन वकिली करत होती. पुढचा राग कुठून आला, त्याचे उत्तर इथे आहे.

२००३ मध्ये या वकिलीला बळ मिळाले. आयबीएमने बनवलेला पॉवरपीसी जी५ आला: ६४ बिटांचा, २ गिगाहर्ट्‌झचा. त्याच वर्षी व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ११०० पॉवर मॅक जी५ एकत्र जोडून महासंगणक उभा केला आणि नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर आला. जॉब्ज यांनी बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्‌झ गाठण्याचे जाहीर आश्वासन दिले.

ते आश्वासन पाळले गेले नाही. वर्षभराने गाडी २.५ वर होती आणि तेवढ्यासाठीही चिप थंड ठेवायला द्रव फिरवावा लागत होता. लॅपटॉपची अवस्था त्याहून बिकट होती. जी५ इतका तापायचा, की तो पॉवरबुकच्या पातळ पेटीत बसवणे जमेना. २००५ च्या सुरुवातीलाही पॉवरबुकमध्ये १.६७ गिगाहर्ट्‌झचा जी४ होता. बाजार तर झपाट्याने लॅपटॉपकडे वळत होता. आयबीएमच्या बाजूनेही हिशेब सरळ होता. त्या पिढीतल्या मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो या तिघांच्याही खेळयंत्रांसाठी पॉवरपीसी कुळातल्या चिप लागणार होत्या, आणि त्यांची संख्या मॅकच्या कितीतरी पट होती. ॲपलच्या एका लॅपटॉपसाठी वेगळी थंड चिप घडवण्यात आयबीएमला रस वाटावा असे काही नव्हते.

इकडे ॲपलच्या हातात एक पत्ता होता. २००० साली कंपनीच्या एका अभियंत्याला आपले लहान मूल आजी-आजोबांजवळ वाढवायचे होते, त्यासाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन घरून करता येईल असे काम हवे होते. त्याने मॅकची कार्यप्रणाली इंटेलच्या यंत्रावर चालवून बघण्याचे काम मागून घेतले. ही हकीकत त्याच्या पत्नीने २०१२ मध्ये सांगितली. त्यातून पुढे ‘मार्कलार’ हा गुप्त प्रकल्प वाढला. २००५ च्या त्या सकाळी जॉब्ज यांनी जाहीर केले, की गेली पाच वर्षे मॅक ओएस एक्सची प्रत्येक आवृत्ती गुपचूप इंटेलसाठीही बांधली जात होती.

त्या दिवशी व्यासपीठावर इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी आले आणि त्यांनी आपल्या कंपनीच्या कामगाराला पेटवणारी ती जुनी जाहिरात स्वतःच सगळ्यांना दाखवली. मॅथेमॅटिका हा प्रचंड गणिती प्रोग्राम बनवणाऱ्या वुल्फ्रम रिसर्चचे थिओडोर ग्रे यांनी सांगितले, की लाखो ओळींच्या प्रोग्राममध्ये वीसेक ओळी बदलून तो काही तासांत नव्या यंत्रावर उभा राहिला. अडोबी आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रतिनिधींनी पाठिंब्याची ग्वाही दिली. जॉब्ज यांनी विजेच्या खर्चाशी कामाचे गुणोत्तर मांडले: इंटेलच्या भावी चिपचे ७०, पॉवरपीसीचे १५. प्रोग्रामरांना सरावासाठी पेंटियम बसवलेले यंत्र ९९९ डॉलरांत मिळणार होते, तेही भाड्याने.

वापरकर्त्यांच्या आक्षेपांकडे वळू. ते सरसकट भावनिक होते, असे नंतर बऱ्याचदा म्हटले गेले. ते मला पटत नाही. पहिला आक्षेप पेंटियम ४ वरचा होता, आणि तो रास्त होता. ती चिप तापट होती, वीज खाणारी होती, आणि खुद्द इंटेलनेच २००४ मध्ये त्या मालिकेची पुढची पायरी रद्द केली होती. ॲपलची नजर तिच्यावर नव्हतीच. इस्रायलच्या हैफा शहरातल्या इंटेलच्या गटाने लॅपटॉपसाठी काटकसरी पेंटियम एम घडवला होता. त्याच वंशातली दोन गाभ्यांची चिप पुढे येणार होती. पण ती जनतेसमोर नव्हती. लोकांनी जे पाहिले त्यावरून मत बनवले.

दुसरा आक्षेप विंडोजबद्दलचा. मॅकवर विंडोज चालू लागली, तर मॅकसाठी वेगळे प्रोग्राम कोण लिहील? आयबीएमच्या ओएस/२ चे उदाहरण ताजे होते. ती विंडोजचे प्रोग्राम उत्तम चालवायची, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहायची कुणाला गरज वाटली नाही आणि ती संपली. तिसरा आक्षेप संगीत, चित्रफीत आणि विज्ञान या क्षेत्रांतल्या लोकांचा होता. एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर काम करणारा ‘आल्टिव्हेक’ हा पॉवरपीसीतला भाग त्यांनी वर्षे घालवून आत्मसात केला होता. त्या मेहनतीचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. चौथी काळजी साधी पैशांची होती. काल घेतलेला जी५ आज जुना झाला का? आणि नवा यायला वर्ष असेल, तर आज कोण विकत घेईल? विक्री कोसळेल, असे जाणकारही लिहीत होते.

यातली शेवटची भीती खोटी ठरली. ऑक्टोबर २००५ मध्ये चार गाभ्यांचा पॉवर मॅक जी५ आला, आणि ज्यांचे रोजचे काम फोटोशॉपवर होते त्यांच्यासाठी तो घेऊन ठेवणे शहाणपणाचे होते, कारण इंटेलसाठी बांधलेले फोटोशॉप यायला वेळ लागणार होता. सप्टेंबर २००५ ला संपलेल्या वर्षात ॲपलने ४५ लाखांहून अधिक मॅक विकले, पुढच्या वर्षी ५३ लाख, त्यानंतर ७० लाख, आणि २००८ मध्ये ९७ लाख.

१० जानेवारी २००६ रोजी ठरल्या मुदतीआधीच पहिली इंटेल यंत्रे आली: आयमॅक आणि मॅकबुक प्रो. ओटेलिनी त्या दिवशी धुराच्या लोटातून, चिप-कारखान्याचा पांढरा पोशाख घालून व्यासपीठावर आले. नव्या लॅपटॉपच्या नावावरूनही नाराजी उमटली. पॉवरबुक या नावाला पंधरा वर्षांचा लळा होता. मॅकबुक प्रो लोकांना ओबडधोबड वाटले. फायरवायर ८०० या वेगवान जोडणीचे तोंड काढून टाकले होते, त्यामुळे चित्रफीत संपादक चिडले. काही महिन्यांत ते तोंड परत आले. आणि ‘इंटेल इनसाइड’चे स्टिकर? ते मॅकवर कधीच लागले नाही. वापरकर्त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

विंडोजचा प्रश्न मात्र वापरकर्त्यांनी स्वतःच उलटा फिरवला. नव्या मॅकवर विंडोज एक्सपी चालवून दाखवणाऱ्यासाठी एका हौशी माणसाने आपल्या खिशातले शंभर डॉलर बक्षीस लावले. लोक त्यात भर घालत गेले आणि रक्कम तेरा हजार डॉलरांच्या पुढे गेली. मार्च २००६ मध्ये बक्षीस जिंकले गेले. ५ एप्रिलला ॲपलने बूट कॅम्प काढून तीच सोय अधिकृत केली. कचेरीतल्या एका विंडोज प्रोग्रामपायी ज्यांना आजवर मॅक घेता येत नव्हता, असे हजारो लोक या दारातून आत आले. ओएस/२ ची गत मॅकची झाली नाही, कारण लोक विंडोज नाइलाजाने वापरत आणि काम झाले की मॅककडे परतत.

७ ऑगस्ट २००६ रोजी मॅक प्रो आला आणि जॉब्ज यांनी सांगितले, की स्थलांतर २१० दिवसांत पूर्ण झाले. कंपनीच्या दृष्टीने ते खरेच होते. मॅकच्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपमधून पॉवरपीसी गेली होती.

वापरकर्त्यांच्या दृष्टीने ते अर्धेही झाले नव्हते. या वेळच्या दुभाष्याचे नाव रोझेटा. मँचेस्टर विद्यापीठातून उभ्या राहिलेल्या ट्रान्झिटिव्ह या कंपनीचे तंत्र त्यात होते. पत्रे, ईमेल, हिशेब यांसाठी तो पुरेसा होता, पण फोटोशॉप त्यावर रखडायचे. अडोबी आणि मायक्रोसॉफ्टचे प्रचंड प्रोग्राम कोडवॉरियर या साधनात बांधलेले होते, आणि ते साधन इंटेल मॅकसाठी येणारच नव्हते. म्हणजे आधी सगळी सामग्री ॲपलच्या एक्सकोडमध्ये हलवायची आणि मग चिप बदलायची. मॅथेमॅटिकाच्या वीस ओळींची गोष्ट इथे लागू पडत नव्हती. इंटेलसाठी बांधलेले फोटोशॉप एप्रिल २००७ मध्ये आले आणि ऑफिस जानेवारी २००८ मध्ये. त्या ऑफिसमधून मॅक्रोंची भाषाच गायब होती. ज्यांनी एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे आपली कोष्टके बांधली होती, त्यांना जुनी आवृत्ती धरून बसावे लागले.

सगळ्यात शांतपणे नुकसान झाले ते ओएस एक्सच्या आधीच्या, मॅक ओएस ९ च्या काळातल्या प्रोग्रामचे. पॉवरपीसी मॅकवर ते ‘क्लासिक’ नावाच्या सोयीतून चालत. इंटेल मॅकवर ती सोय दिलीच नाही. आपल्याकडच्या छापखान्यांना पाने लावायला ज्याच्याशिवाय चालत नसे, तो पेजमेकर मॅकवर तिथेच संपला, कारण त्याची ओएस एक्ससाठी आवृत्ती कधी निघालीच नाही. हायपरकार्डचेही तेच झाले. १९८७ पासून शिक्षकांनी, ग्रंथपालांनी, हौशी लोकांनी प्रोग्रामिंग न शिकता हायपरकार्डमध्ये धडे, सूच्या, खेळ रचले होते. ती निर्मिती कुठल्या कंपनीची नव्हती, त्यामुळे तिच्या वतीने व्यासपीठावर येऊन बोलणारे कुणी नव्हते. बदलाच्या इतिहासांत विक्रीचे आकडे सापडतात. या हरवलेल्या कामाची मोजदाद कुणी ठेवली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढचे टप्पे भराभर आले. ऑगस्ट २००९ ची स्नो लेपर्ड ही कार्यप्रणाली पॉवरपीसीवर बसेना. चार गाभ्यांचा तो जी५ विकत घेऊन चार वर्षेही झाली नव्हती. जुलै २०११ च्या लायन या पुढच्या कार्यप्रणालीतून रोझेटा काढून टाकला, आणि घरचा हिशेब क्विकनच्या जुन्या आवृत्तीत ठेवणारी कुटुंबे एका रात्रीत अडकली. त्यांच्यासाठी दुरुस्त आवृत्ती यायला २०१२ उजाडले. त्याच लायनने इंटेलच्या पहिल्या ३२ बिटांच्या मॅकनाही बाहेर ठेवले. म्हणजे २००६ मध्ये कंपनीवर विश्वास ठेवून रांगेत पहिले उभे राहिलेले लोकच सहा वर्षांच्या आत मागे टाकले गेले. दुसरीकडे काही जणांनी पॉवरपीसी सोडलीच नाही. फायरफॉक्सवर आधारलेला टेनफोरफॉक्स हा ब्राउझर त्या यंत्रांसाठी २०२१ पर्यंत सांभाळला गेला, मुख्यतः एकाच माणसाच्या कष्टावर.

२२ जून २०२० रोजी ॲपलने पुन्हा चिप बदलण्याची घोषणा केली, या वेळी इंटेलकडून स्वतःच्या घडणीकडे. तेव्हा प्रतिक्रिया किती वेगळी उमटली! ज्या शत्रूला आपले म्हणावे लागले, त्याचा लळा कुणाला लागलाच नव्हता. शिवाय तोवर दहा वर्षे लोकांच्या खिशातल्या आयफोनमध्ये ॲपलचीच चिप होती आणि तिची ताकद त्यांनी अनुभवली होती. नोव्हेंबरमध्ये ती नवी चिप, एम१, आली आणि पंखा नसलेला मॅकबुक एअर पाहून टीकाकारही थक्क झाले. या वेळचा दुभाष्या, रोझेटा २, इतका वेगवान निघाला, की बऱ्याच जणांना आपण जुना प्रोग्राम चालवतो आहोत हे कळेना. इंटेलच्या चिप स्मृतीतली कामे ज्या क्रमाने हाताळतात, तो क्रम पाळण्याची सोय एम१ मध्येच मुद्दाम ठेवलेली होती. तक्रारी होत्या, पण त्या नेमक्या होत्या: बूट कॅम्प गेला, मेमरी नंतर वाढवता येत नाही. २००५ मध्ये लोकांना बाजू बदलल्याचे दुःख झाले होते. २०२० मध्ये असे दुःख करण्यासारखी बाजूच उरली नव्हती, आणि दोन्ही वेळच्या प्रतिसादांत मला हाच सर्वांत मोठा फरक वाटतो.

शेवटचा टप्पा मात्र तोच आहे, आणि तो आता समोर आला आहे. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केले, की ‘टाहो’ ही इंटेल मॅकवर बसणारी अखेरची कार्यप्रणाली. आणि त्यापुढच्या एका आवृत्तीनंतर, काही जुन्या खेळांचा अपवाद सोडला, तर रोझेटा २ सुद्धा काढून घेतला जाईल. तुमच्याकडे मॅक असेल आणि त्यात एखाद्या बंद पडलेल्या कंपनीचा प्रोग्राम असेल, त्याच्यावर तुमचे हिशेब, चाली, नकाशे किंवा दिवाळी अंकांची पाने अवलंबून असतील, तर ती सगळी कामे याच वर्षी उघडून पाहा आणि दुसऱ्या, सर्वत्र वाचता येईल अशा स्वरूपात उतरवून ठेवा. हायपरकार्डवाल्यांना असे सांगणारे कुणी वेळेवर भेटले नव्हते.